सकाळच्या वाऱ्याचं शीड

आबांचं पत्र आलं तेव्हा मी साताऱ्याच्या वसतिगृहात सहामाही परीक्षेचा अभ्यास करत होतो. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लिहिता येत नसे. पत्र गावच्या शाळेतल्या मास्तरांनी लिहून दिलं होतं. चुलतभाऊ गणपतीनंतर मुंबईला गिरणीत लागला, वडिलांचा उजवा खांदा धरला आहे, होडी ओढायला दुसरा माणूस नाही, तरी सुट्टी लागताच निघून यावे, इतकं मास्तरांच्या भाषेत. खाली शेवटची ओळ मात्र आबांनी सांगितली तशीच उतरवलेली होती : ‘पुढचं पुढं बघू.’

त्या तीन शब्दांनी माझा अभ्यास थांबला तो थांबलाच. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी कॉलेजात परत यायचं की नाही, हे त्यात कुठंच नव्हतं, आणि नव्हतं म्हणूनच होतं.

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. कॉलेजात मी फार रमलो होतो असं म्हणणं खोटं ठरेल. वर्गात उत्तर येत असलं तरी माझा हात खांद्यापर्यंत जाऊन थांबायचा. जेवणाच्या पंगतीतसुद्धा मी आणखी एक भाकरी मागायला कचरायचो. तरीही तिथून कायमचं परत जायचं, हे मला नको होतं. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता तरी नीट सांगता येतं का, शंकाच आहे.

आमचं गाव कोयनेच्या धरणाच्या पाण्यावर, अगदी वरच्या अंगाला. जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा मी लहान होतो. निम्मी भावकी खाली सांगली जिल्ह्यात, कुंडलजवळ बदली जमीन मिळाली तिकडं गेली. आम्ही उरलेले डोंगर चढून वर बसलो. एसटी यायची ती पाण्याच्या दुसऱ्या काठाला, खोऱ्यात बरीच खाली. सकाळी नऊला साताऱ्याला सुटायची, दिवस मावळताना परत यायची. ती एकच गाडी. तिच्यापर्यंत माणसं नेणं आणि आणणं हे आबांच्या होडीचं काम. वल्ह्यांवर दोन माणसं असली तर दीड तास लागे. एकट्यानं ओढायची म्हटली तर गाडी मिळेलच याची खात्री नाही. गावातली तरणी माणसं सगळी मुंबईला. उरलेले म्हातारे, बाया आणि शाळेतली पोरं. म्हणजे दुसरं वल्हं माझंच होतं.

होडीला एक शीडही होतं. आबा तरुणपणी काही वर्षं मुंबईच्या बंदरात हमाली करत होते. तिथं मचव्यांची शिडं त्यांनी रोज बघितली होती. बघितली होती, एवढंच. होडी हाताशी आल्यावर त्यांनी आठवून आठवून एक डोलकाठी उभी केली, तिला आडवा बांबू बांधला आणि साखरेची पोती उसवून जोडलेलं शीड त्यावर टांगलं. दुपारनंतर वारं खोऱ्यातून वर चढतं. त्या वाऱ्यावर होडी भरल्या माणसांनिशी घरी यायची. सकाळी वारं उलटं असतं, डोंगरावरून खाली, पण इतकं हलकं की ते कुणी जमेत धरत नसे. संध्याकाळ शिडाची आणि सकाळ वल्ह्यांची, असं ठरूनच गेलं होतं. आता ते पोत्यांचं शीडही कुजून जागोजाग फाटलं होतं.

पत्र आलं त्याच आठवड्यात भूगोलाच्या तासाला दरीतल्या आणि डोंगरातल्या वाऱ्यांचा धडा लागला. दिवसा वारा दरीतून वर जातो, रात्रभर गार झालेली हवा पहाटे डोंगरावरून खाली वाहते. मी ताठ बसलो. आमचं पाणी, आमचा डोंगर पुस्तकात होता. आणि मग तो विचार आला, ज्यानं मला पुढचे वीस-पंचवीस दिवस एका जागी बसू दिलं नाही. सकाळचं वारंही आपल्याच बाजूचं आहे. मग शीड चांगलं असलं, मोठं असलं, नवं असलं, तर सकाळी वल्ह्यांची गरज काय? आबा एकटे सुकाणूला बसतील. मी कॉलेजात राहीन.

तास संपल्यावर मी प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत गेलो. शिडाला कापड कसलं लागतं, एवढंच विचारायचं होतं. दारात उभा राहिलो. सर कुणाशी तरी हसून बोलत होते. मी चपला घातल्या आणि परत आलो.

त्याऐवजी मी तात्यांना पत्र टाकलं. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन कुंडलला बदली जमिनीवर ऊस लावून राहिलेले. त्यांचं कार्ड चौथ्या दिवशी आलं. ‘ताबडतोब ये. कापडाचं माझ्यावर सोड.’

परीक्षा संपली त्या दिवशीच मी निघालो. उंब्रज, कऱ्हाड करत गाडी कुंडलला पोचेपर्यंत मी मांडीवर बोटानं शिडाचे आकडे काढत होतो. आठ हात रुंद, दहा हात उंच. शेजारचा माणूस शेवटी म्हणाला, “पाव्हणं, खाज सुटलीया का काय?”

दुसऱ्या दिवशी तात्या मला घेऊन सांगलीला आले. बाजारपेठेत हळदीचा वास इतका की पाच मिनिटांत घसा पिवळा झाल्यासारखा वाटला. ताडपत्रीच्या दुकानात शेट गादीवर बसले होते आणि पायरीवर एक वयस्क कारागीर जाडजूड मशिनीवर किनारी शिवत होता. शेटनी न बघताच विचारलं, “कशावर घालायची? हळदीवर का गुळावर?”

“होडीवर,” तात्या म्हणाले.

“होडीवर कशाला? माणसं भिजत्यात व्हय?”

“शीड करायचंय,” मी म्हणालो. ते माझं मलाच ऐकू आलं. तात्यांनी ते परेडच्या आवाजात पुन्हा सांगितलं.

शेट आता नीट वळून बसले. “शीड! आवं हवालदार, आमच्या कृष्णंत होड्यांच्या शर्यती लागल्या की सगळं गाव घाटावर लोटतंय. पर शीड काय आमी अजून बघितलं न्हाई. कुठं निघालाय, लंकेला?”

“पुतण्या कालेजात हाय. त्याची आयडिया हाय,” तात्या म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे बघितलं.

त्या बाजारात कापड पारखायची रीत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. शेटनी खाली जुना पेपर पसरला. दोघांनी कापडाचे चार कोपरे धरून झोळी केली आणि तात्यांनी तिच्यात तांब्याभर पाणी ओतलं. मग चहा मागवला. चहा पिऊन होईपर्यंत झोळी तशीच धरून ठेवायची. तेवढ्यात पेपरावर थेंब पडला तर कापड बाद. हळद भिजली की गेली, गूळ भिजला की गेला, म्हणून सगळे व्यापारी असंच बघून घेतात. तात्यांना ही रीत फार पसंत पडली. फौजेत तंबूचंही असंच असतं म्हणाले.

हिरवट रंगाचं जाड कॅनव्हास तात्यांनी निवडलं. पाण्याचा एक थेंबही खाली आला नाही. तात्यांनी वाकून पेपर तळहातानं चाचपला आणि माझ्याकडे विजयी नजरेनं बघितलं.

पायरीवरचा कारागीर दोरा तोडता तोडता म्हणाला, “होडीसाठी म्हनताय, तर ते हलकं बघा की वरच्या फळीवरलं.”

शेटनी ते काढलं. पांढरं, पातळ, दाट विणीचं कापड होतं. झोळी केली, पाणी ओतलं. दोन घोट चहा झाला नाही तोच पेपरावर टप टप सुरू झालं.

“हे?” तात्या हसले. “हे तर चहा गाळायचं फडकं हाय.”

शेटही हसले. पांढऱ्या कापडाचं टोक गादीवरून खाली लोंबत होतं. वर पंखा हळू फिरत होता. त्या पंख्याच्या वाऱ्यानं ते टोक उचललं जायचं, थोडं तरंगायचं, परत खाली बसायचं. शेजारी कॅनव्हासचं टोक होतं. ते हलत नव्हतं. मी हे बघितलं. बघितलं नाही असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

“तू शिकल्याला हायस,” तात्या म्हणाले. “सांग, कुठलं घ्यायचं?”

सगळे थांबले होते. मशीनही थांबली होती. माझ्या तोंडात आलं होतं, पण माझा मलाच भरवसा नव्हता. पंख्याखाली कापड हललं एवढ्यावरून फौजेतल्या माणसाला, बाजारातल्या व्यापाऱ्याला मी काय सांगणार? शिवाय कापडाचे पैसे तात्या देणार होते.

“तुमी म्हनाल ते, तात्या.”

कारागिरानं दोन दिवसांत शीड शिवून दिलं. कडेला जाड दोर, दोरात पितळी कड्या. काम उत्तम होतं. गुंडाळल्यावर ते एका माणसाला उचलेना. एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टर म्हणाला, “सर्कस कुठं लावताय?”

घरी आबांनी ते ओट्यावर उलगडलं. एका हातानं टोक उचलून बघितलं, सोडलं. आईनं विचारलं, “कसं हाय?”

“दणकट हाय,” आबा म्हणाले. “जड हाय.”

“फौजंचं कापड हाय,” मी घाईनं म्हणालो. “पाणी झिरपत न्हाई.”

“पाण्यावरच जायचंय, पाण्यात न्हाई,” आई म्हणाली आणि आत गेली. मला ते लागलं. पण मी ते बायकी बोलणं म्हणून सोडून दिलं. हे लिहायला बरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं वल्ही मारत खाली गेलो. संध्याकाळच्या गाडीची माणसं घेतली आणि नवं शीड चढवलं. खोऱ्यातलं वारं आलं आणि कॅनव्हास थाडकन ताणलं गेलं. होडी अशी निघाली की पुढं बसलेल्या बायकांनी कडा घट्ट धरल्या. पाणी दोन्ही अंगांनी फाकत होतं. वरच्या वस्तीवरचे एक म्हातारबा डोलकाठीला पाठ लावून बसले होते. त्यांची जमीन जुन्या गावात गेली होती. बदली जमिनीसाठी साताऱ्याच्या कचेरीत त्यांच्या वर्षानुवर्षं तारखा चालल्या होत्या.

“पोरा, लय झ्याक काम केलंस,” ते म्हणाले. “सकाळी माझी तारीख हाय. सकाळच्याला बी अशीच न्हे.”

“सकाळी वल्हीच लागणार न्हाईत, बाबा,” मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडे बघितलं. “सकाळचं वारं निराळं असतं रं.”

“आबा, पुस्तकात आहे ते,” मी म्हणालो. हा एकच युक्तिवाद होता ज्याच्यापुढे आबा नेहमी गप्प बसत, आणि मला ते माहीत होतं. जागा मोकळी व्हावी आणि शिडाची खरी परीक्षा व्हावी, म्हणून वल्ह्यांची दुसरी जोडी मी हट्टानं गावच्या काठावरच ठेवायला लावली.

सकाळी पाणी आरशासारखं होतं. दव पडलं होतं आणि कॅनव्हास दवानं आणखी जड झालं होतं. आम्ही ते ओढून वर चढवलं. ते उभं राहिलं नाही, नुसतं लोंबलं, वाळत घातलेल्या घोंगड्यासारखं. मी वाट बघितली. गालाला गार लागत होतं, वारं होतं, नक्की होतं. पण शिडाला ते कळत नव्हतं. होडी काठापासून थोडी सरकली आणि थांबली.

“व्हईल आता,” मी म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायची लाज वाटली.

आबांनी वल्ही घेतली. चार-सहा हात मारले आणि त्यांचा चेहरा पिळवटला. मग मी वल्ही घेतली. एका जोडीवर, भरलेली होडी आणि वर ते हिरवं ओझं. तळहाताला फोड आले ते फुटले. गाडी लांबून दिसत होती. आम्ही काठाला लागायच्या आधी तिनं धूर सोडला, वळली आणि घाट चढायला लागली. होडीतल्यांनी उचललेली गाठोडी परत खाली ठेवली. ते सगळ्यांत वाईट होतं.

म्हातारबा उतरून दगडावर बसले. पिशवीतले कागद काढून त्यांनी परत आत ठेवले. शिडाकडे बघून म्हणाले, “ह्याच्याखाली संसार थाटता येईल. होडी न्हाई चालायची.” थोड्या वेळानं मला विचारलं, “तू काय शिकतोस म्हनालास?”

“आर्ट्सला आहे.”

“व्हय. तसंच दिसतंय.”

मग ते चालत निघाले. पुढच्या फाट्यावर लाकडाचा ट्रक मिळाला तर बघू म्हणाले. ट्रक मिळाला, पण ते कचेरीत पोचले तेव्हा त्यांचं नाव पुकारून झालं होतं. पुढची तारीख कितीतरी महिन्यांनंतरची मिळाली. त्याबद्दल ते मला पुन्हा कधी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी बोलावं असं मला फार वाटायचं.

त्यानंतरचे काही दिवस मी आणि आबा मिळून सकाळी होडी ओढत होतो. संध्याकाळी कॅनव्हास बांधायचो, संध्याकाळी ते चांगलंच चालायचं. सुट्टी संपत आली होती. मी रात्री पुस्तक उघडायचो आणि मिटायचो. जेवताना एकदा धीर करून विचारलं, “आबा, माझं काय ठरवलं?”

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. “मला एकट्याला सकाळची गाडी गाठता आली तर तू जा.” आणि ते जेवायला लागले. 

आमच्या नाचणीची मळणी झाली होती. एके दिवशी उजाडायच्या सुमाराला, होडीकडे निघताना, मी खळ्यावरून गेलो. आई घडवंचीवर उभी राहून उपणत होती. सूप डोक्याच्या वर धरून ती ते अगदी हळू हलवत होती. दाणे सरळ खाली पडत होते. कोंड्याची बारीक पट्टी मात्र तिरकी होऊन पाण्याच्या दिशेनं चालली होती.

“काय बघतोस?” ती म्हणाली.

“काय न्हाई. वारं न्हाई आज बी.”

“वारं न्हाई? मग ह्यो कोंडा कुठं चाललाय, तुझ्या कालेजात?”

मी तिथंच उभा राहिलो.

“तुमी बापल्योक वारं न्हाई वारं न्हाई करताय,” ती सूप हलवतच म्हणाली. “मी सुगीत रोज ह्याच वाऱ्यावर धान करतीया. ह्या वाऱ्याला धसमुसळेपणा चालत न्हाई. तुमी कापड आणताना पाणी वतून बघितलं म्हनं. पावसाला शीड लावणार हुतासा का वाऱ्याला?”

मला सांगलीतल्या पायरीवरचा तो कारागीर आठवला. मी तिला सगळं सांगितलं. पंखा, पांढरं कापड, मी काय बघितलं आणि काय बोललो. तिनं सूप खाली ठेवलं.

“आनि बोलला न्हाईस?”

“न्हाई.”

“बापावर गेलायस,” ती म्हणाली. “उद्या मी येतीया साताऱ्याला. मला दुकान दाव.”

आई आयुष्यात दोन-तीनदाच साताऱ्याला आली होती. तिनं येताना तुपाचा डबा आणला, तो विकला आणि मग आम्ही कापडाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “मावशी, लुगडी पलीकडं.”

“लुगडं नगं. वारं धरायला कापड पायजे.”

“काय धरायला?”

“वारं.”

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मला तोंड लपवावंसं वाटलं, पण या वेळी मी म्हणालो, “शीड करायचंय. हलकं आणि दाट विणीचं दाखवा.” त्याला ते ऐकू गेलं.

त्यानं ताग्यामागून तागा काढला. आई प्रत्येकाचं टोक घेऊन दारात जायची, दोन बोटांत धरून हात उंच करायची आणि स्वस्थ उभी राहायची. रस्त्यावरून येणाऱ्या झुळकेनं ते उचललं गेलं तर ठीक, नाहीतर परत. उचललं गेलं की दुसरी परीक्षा. ती मला जवळ बोलवायची, कापड माझ्या गालासमोर ताणून धरायची आणि पलीकडून तोंडानं फुंकायची.

“लागतंय?”

“लागतंय.”

“मग न्हाई.”

गिऱ्हाइकं बघत होती. एक बाई पदर तोंडाला लावून हसत होती. दुकानदार आधी वैतागला, मग त्यालाच त्यात गोडी वाटायला लागली. तो स्वतःच म्हणायचा, “हे फुंकून बघा, मावशी.” मलमल उचलली जायची पण फुंकर आरपार यायची. मांजरपाट फुंकर अडवायचं पण हाताला मऊसर जड वाटायचं. पाचवं की सहावं कापड होतं. बारीक सुताचं, पांढरं, हातात धरलं की कागदासारखं वाजणारं. दारात ते लगेच उचललं. आईनं फुंकलं.

“लागतंय?”

“न्हाई.”

“नीट सांग.”

मी डोळे मिटले. “पुन्हा फुंक.” तिनं फुंकलं. गालाला काही लागलं नाही. “हेच,” मी म्हणालो. “आई, हेच घ्यायचं.”

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि दुकानदाराला म्हणाली, “फाडा.”

शीड तिनं घरीच हातानं शिवलं, दुहेरी दोऱ्यानं. मी बसून शिवणी ताणून धरायचो. जुन्या दोराची किनार घातली. कॉलेज सुरू झालं तो सोमवार गेला, मंगळवारही गेला. मी आता कुठल्या तासाला कुठला धडा चालू असेल हे घड्याळ नसताना मनात मांडत राहायचो. सुई बोटाला टोचली तरी आईला सांगायचो नाही, तिचा वेळ जाईल म्हणून.

गुरुवारी सकाळी मी माझी पत्र्याची पेटी होडीत ठेवली. बरोबर दोन बाया होत्या, टोपल्या घेतलेल्या. वल्ह्यांच्या दोन्ही जोड्या होडीत होत्या. मी सवयीनं एका जोडीकडे सरकलो.

“हात खाली,” आबा सुकाणूवरून म्हणाले. “तितं पेटीपाशी बस.”

पांढरं शीड वर गेलं. ते फुगलं असं म्हणता येणार नाही. फक्त त्यावरच्या सुरकुत्या एकेक करून गेल्या. होडी निघाली की नाही ते मला कळेना, म्हणून मी काठावरच्या एका झाडाकडे बघत राहिलो. झाड सावकाश मागे गेलं.

सावकाशच. मला ते सोसवेना. मी पेटीवर बसलो, उठलो, परत बसलो. हात मांड्यांखाली घातले. निम्म्या वाटेवर वारं पडलं. शिडाच्या मधोमध एक घडी पडली आणि होडी जागच्या जागी डुलायला लागली. समोरच्या काठावर गाडी उभी दिसत होती, आणि तिच्याभोवती माणसं.

मी वल्ह्याला हात घातला.

“ठेव.”

“आबा, गाडी...”

“ठेव म्हनतो न्हवं.”

टोपलीवाल्या बायांपैकी एक म्हणाली, “आवं दाजी, पोराला मारू द्या की दोन हात. गाडी जाईल.”

“पोरगं होडीत न्हाईच असं समजा,” आबा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, वर शिडाकडे बघत होते. “उद्या ते न्हाईच. आज वल्हं मारून गाडी गाठली तर मला काय कळणार?”

मी वल्हं सोडलं. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. बाया गाडीकडे टक लावून बघत होत्या. मग शिडातली घडी खालून वर हळूहळू निघून गेली, आबांनी सुकाणू दोन बोटं वळवलं आणि पुन्हा झाडं मागे जायला लागली. गाडीजवळची माणसं आत चढताना दिसली. ड्रायव्हर तंबाखू झाडून आपल्या जागेवर बसला. इंजिन सुरू झालं तेव्हा होडीचा तळ वाळूला घासला.

“पळ,” आबा म्हणाले.

मी पेटी खांद्यावर मारून पळालो. दार धरून वर चढलो तोच कंडक्टरनं घंटी ओढली. मागे वळून बघितलं तर आबा शीड उतरवत होते. उजवा हात वर जात नव्हता. डाव्या हातानं दोर सोडला तसं सगळं पांढरं कापड त्यांच्या अंगावर आलं आणि ते त्याखाली दिसेनासे झाले. परत घरी ते एकटे जाणार होते, वाऱ्याविरुद्ध, वल्ह्यांवर. होडी रिकामी असेल, वेळेची घाई नसेल, खांदा दुखलाच तर दुपारच्या वाऱ्यापर्यंत थांबता येईल, हे सगळं आम्ही आधी बोललो होतो. तरीही मी पेटी खाली न ठेवता दारातच उभा राहिलो. एक पाय पायरीवर होता.

गाडी हलली. कंडक्टर माझ्या अंगावर खेकसला, “आवं, उतरायचंय का बसायचंय ते एकदा ठरवा!”

कापडाखालून आबांचं डोकं बाहेर आलं. ते गाडीकडे बघत नव्हते. कापडाचं टोक शोधत होते.

मी आत जाऊन बसलो.